भिंतीला खिळा न मारता

नगर,
ता. १२ मार्च १९४७

तीर्थरूप मरियम आत्याबाई यांस,
आपली भाची पुष्पावती हिचा हात जोडून सलाम.

येथे आम्ही देवाच्या दयेने बरे आहोत. बाबांचा खोकला गेला आहे, फक्त प्रार्थनेच्या वेळी येतो. आपली प्रकृती कशी आहे? गुडघे काय म्हणतात? जामखेडच्या विहिरींना पाणी आहे की आतापासूनच खडखडाट? आणि आपण हल्ली कोणत्या कुशीवर झोपता? उशी कोणत्या दिशेला असते? निजण्यापूर्वी वाचता, ते पडून की बसून? पुस्तक उजव्या हातात धरता की डाव्या? रात्री पाणी प्यायला उठता का, आणि उठल्यावर आधी पायांनी चपला शोधता की हातांनी कंदील? पंख्याचा वारा सांध्यांना बाधतो का? (हे सर्व मी प्रकृतीच्या सदराखालीच विचारत आहे. पत्रात आधी प्रकृती विचारावी, मग आपले रडगाणे गावे, असे बाबांनी मला ओट्यावर बसवून शिकवले तेव्हाच सांगितले होते. प्रकृतीत काय काय मोडते, हे मात्र त्यांनी सांगितले नव्हते.)

आपण चष्मा काढून हे पत्र पुन्हा वरपासून वाचायला घ्याल, हे मला दिसते आहे. म्हणून कारण सांगते. जेवढे सांगण्याची परवानगी आहे तेवढेच. आम्ही घेतलेल्या घराला तळघर आहे, हे आपण नाताळात पाहिलेच. पूर्वीच्या मालकाने त्यात गूळ साठवला होता आणि आपण खाली डोकावून म्हणाला होतात की इथे मुंग्यांची मंडळी भरत असेल. ते तळघर आता ओळखू येणार नाही असे झाले आहे. खाली फरशी आहे, भिंतींना चुन्याचा गिलावा आहे, रस्त्याच्या बाजूच्या दोन्ही झरोक्यांना जाळी आहे. या तळघरात उन्हाळ्यापासून एक वडीलधारी व्यक्ती कायमची राहायला येणार आहे. कोण, हे सांगू नये अशी बाबांची आज्ञा आहे, कारण त्यांना त्या व्यक्तीला चकित करायचे आहे. खोटे बोलू नये अशीही त्यांचीच आज्ञा आहे. या दोन आज्ञांच्या मधून मला हे पत्र न्यायचे आहे. तेव्हा आपण विचारू नये, म्हणजे मला उत्तर द्यावे लागणार नाही.

आता यात माझी खरी काळजी अशी. त्या व्यक्तीची नोकरी येत्या मे महिन्यात संपते. ती व्यक्ती आपल्या मैत्रिणीबरोबर, समजा भागूबाई नर्स यांच्याबरोबर, आहे त्याच गावी दोन खोल्या घेण्याच्या विचारात आहे, असे जामखेडहून (चुकले; असे एका गावाहून) आलेल्या माणसाने आम्हाला सांगितले. त्या व्यक्तीने बयाणा देऊन टाकला तर आमचे तळघर सजवून-धजवून रिकामे राहील आणि चकित आम्हीच होऊ. मी बाबांना म्हटले की आधी विचारून टाकावे. ते म्हणाले, खोली तयार नसताना बोलावणे हे बोलावणे नव्हे. खोली तयार आहे, मी म्हटले. दिवा कुठे आहे, ते म्हणाले. येथून सर्व सुरू झाले.

वरच्या मजल्यावर वीज आहेच: एक दिवा सोप्यात, एक माजघरात. तीच खाली न्यायची, एवढेच काम. रॉकेलचे रेशन आपल्याला ठाऊक आहे, आणि ज्या व्यक्तीने जन्मभर कंदिलाच्या उजेडात दुसऱ्यांची बाळंतपणे केली तिला म्हातारपणी तरी बटण दाबून वाचता यावे, असे बाबांचे म्हणणे. (बाळंतपणे हा शब्द खोडायला हवा होता, पण खोडलेले पत्र पाठवणे मला आवडत नाही.) अडचण एकच. वायर न्यायची तर भिंतीत भोके पाडून लाकडी गट्ट्या बसवाव्या लागतात, गट्ट्यांवर सागवानी पट्टी आणि पट्टीवर वायर. आणि बाबांनी हुकूम काढला आहे की तळघराच्या भिंतीला एकही खिळा लागता कामा नये.

मला याचे फार नवल वाटले, अजून वाटते. आम्ही जन्मभर शाळेने दिलेल्या खोल्यांत राहिलो आणि तिथे नियम होता की भिंतीला खिळा मारायचा नाही. बाबांची टोपी खुर्चीवर, माझी पाटी जमिनीवर, कॅलेंडर दाराच्या कडीला. आपल्याही दवाखान्याच्या खोलीला तोच नियम. म्हणून तर आपली लुगडी दोरीवर आणि आजीचा फोटो पेटीत, लुगड्याच्या घडीत. आपली छत्री नाताळात इथे कोपऱ्यात उभी केली की रोज रात्री एकदा पडायची आणि आपण झोपेतच तिला दटावायचात, हे मला आठवते. आता स्वतःचे घर झाले तर वाटले होते, बाबा रविवार सोडून रोज एक खिळा ठोकतील. वरच्या मजल्यावर त्यांनी ठोकलेही. टोपीला एक, छडीला एक (छडी आता लागत नाही, पण तिला जागा हवी), कॅलेंडरला एक, आणि एक नुसताच, पुढे काही मिळाले तर. तळघराला मात्र बंदी. कारण विचारले तर म्हणाले, “चांगल्या भिंतीला कारण लागत नाही.” हे त्यांच्यासारख्या, प्रत्येक बेरजेची रीत मागणाऱ्या माणसाचे उत्तर वाटत नाही.

भिंत चांगली आहे, यात शंका नाही. भीमा गवंड्याने ती केली आहे. त्याने चुना महिनाभर भिजवून ठेवला, मग गिलावा करून तो गुळगुळीत दगडाने घोटत बसला. त्याची बायको राहीबाई हिने पाण्याचा हात द्यायचा आणि त्याने घोटायचे. भिंतीवरून हात फिरवला तर ताटावरून फिरवल्यासारखे वाटते. काम संपले, मजुरी दिली, तरी भीमा येतच राहिला. सकाळी दुसऱ्या कामावर जाताना तो झरोक्याशी वाकून भिंतीकडे बघतो आणि जातो. वायरमन येणार असे कळल्यावर तो खाली येऊन थापी हातात घेऊन उभा राहू लागला.

पहिले आले फिलिपभाऊ, आपल्याच मंडळीतले, लष्करी कँपातल्या कारखान्यात विजेचे काम करतात आणि उपासनेत पेटी वाजवतात. घरचा माणूस म्हणून बाबांनी त्यांना पहिले बोलावले. त्यांनी सगळीकडे पाहिले, वायर कुठून आणायची ते बोटाने हवेत काढून दाखवले आणि पूर्वेच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टक्‌ टक्‌ केले. तेवढ्यावर भीमा पुढे झाला आणि बाबांना म्हणाला, “गुरुजी, हितं ठोकायचं आसंल तर पयलं माझ्या टाळक्यात ठोका. मंग भिताडाचं बघू.” फिलिपभाऊ सभ्य माणूस. त्यांनी हात मागे घेतला, आणि अवघडलेपणा जावा म्हणून एका गीताची ओळ गुणगुणली. ती ओळ, आत्याबाई, त्या घोटलेल्या भिंतींत अशी घुमली की आम्ही सगळे वर बघू लागलो. त्यांनी ती पुन्हा म्हटली. मग पूर्ण कडवे म्हटले. वायरीचे काय ते राहूनच गेले.

खर्चाचा अंदाज विचारला की ते म्हणत, “तुमच्याकडून मी काय घेणार? द्याल ते.” आपल्याला कल्पना नाही, हे वाक्य माझ्यासारखीला किती छळते. द्याल ते म्हणजे किती? कमी दिले तर मंडळीत तोंड कसे दाखवायचे, जास्त दिले तर त्यांचा अपमान. मी त्यांना निदान वरचा-खालचा आकडा मागितला. ते हसले, चहा प्याले आणि पुढच्या वेळी येताना गायकवर्गातली दोन माणसे घेऊन आले, फक्त आवाज ऐकायला. त्याच्या पुढच्या वेळी सगळा गायकवर्ग आला. उत्तम शुक्रवारची गीते आमच्या तळघरात बसवली गेली, झरोक्याबाहेर रस्त्यावर लोक थांबून ऐकू लागले, आणि जाताना फिलिपभाऊ बाबांना म्हणाले की अशा जागेत दिवा-पंखा घालणे म्हणजे जागेचा नाश. ही खोली गायकवर्गालाच देऊन टाकावी. बाबांना गीते आवडतात. ते नाही म्हणाले, पण इतक्या हळू म्हणाले की मला धडकी भरली. म्हणूनही मी म्हणते, त्या व्यक्तीने लवकर यावे.

(जाताना मी फिलिपभाऊंना एक विचारून घेतले, कारण पुन्हा धीर झाला नसता. बटण बंद केल्यावर वीज जाते कुठे? ते म्हणाले, जात नाही, तिथेच थांबते. तेव्हापासून मी सोप्यातल्या बटणासमोरून जाताना थोडी बाजूने जाते. कोणी सतत आपली वाट बघत थांबले आहे, ही कल्पना मला संकोचाची वाटते.)

दुसरे आप्पासाहेब. हे शहरातले मोठे परवानेवाले कंत्राटदार. कोट, फेटा, आणि कागद धरायला एक माणूस. मी त्यांना मंडळीबाहेरचे म्हणून बोलावले, म्हणजे आकडा नक्की मिळेल. ते जिन्यापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. तळघरात ते उतरत नाहीत. लहानपणी एका तळघरात त्यांना साप भेटला होता, असे कागद धरणाऱ्याने मला बाजूला सांगितले. वरून ते विचारत, मी खाली मोजून सांगत असे. मोजायला हाताशी काही नव्हते म्हणून मी हातानेच मोजले, कोपरापासून बोटापर्यंत, आणि प्रत्येक वेळी स्पष्ट म्हटले की हे हात आहेत. ते हं म्हणत आणि लिहीत. तीन दिवसांनी टाइप केलेले अंदाजपत्रक आले. त्यात आमचे बावीस हातांचे तळघर बावीस वार लांब होते. तेरा दिवे, तीन पंखे, नोकराला बोलावायची एक घंटा. मी कागदावर नकाशा काढून पाहिला. त्यांच्या हिशोबाने आमचे तळघर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराखालून जाऊन रस्त्याच्या पलीकडे निघत होते. माणूस चुकू शकतो हे मला मान्य आहे, पण मी अर्धा दिवस या विचारात घालवला की शेजारच्या वहिनींना आधी कल्पना द्यावी की काय.

मी दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला बसवले आणि समजावले की मोठ्या कंत्राटदाराचे माप नेहमी वारांत असते. हातांत मोजणारे लोक त्यांच्याकडे येत नाहीत. मग एक प्रश्न मात्र फार नेमका विचारला: “तिथं राहणारी बाई रात्री वाचते का? आणि वाचत असेल तर कुठल्या अंगावर?” दिवा चुकीच्या बाजूला लागला तर आपलीच सावली आपल्या पुस्तकावर पडते, म्हणे. मी म्हटले, वाचते. कुठल्या अंगावर? मला माहीत नाही. “म्हणजे तुमच्या घरातलीच बाई ना?” त्यांनी विचारले. मी हो म्हटले आणि उठले. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते. बाबांना विचारले, त्यांना वाटत होते डाव्या, पण ती आठवण ते दहा वर्षांचे असतानाची निघाली, आणि एका घोंगडीत निजलेली भावंडे आपल्या मर्जीने कूस निवडत नाहीत. (हे वाक्य वाचून आपण काही तर्क करू नये.)

तिसरा सहादेव, केडगावचा. हा लग्नाच्या मांडवांना आणि कनातींच्या सिनेमाला दिवे लावतो. त्याला भीमानेच आणले, म्हणाला याच्या कामात भिंत लागतच नाही, मांडवाला भिंत असते कुठे? सहादेव पायऱ्यांवरून उडी मारूनच खाली आला. भिंतीकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही, छताकडे पाहिले. छताला पाच सागवानी तुळया आहेत. तो म्हणाला, वायर जिन्यातून आणू, तुळयांच्या बगलेने फिरवू, बटण जिन्याच्या चौकटीवर, आणि दिवा लांब दोरीला लोंबता. प्रत्येक तुळईला एक कडी, माणूस सरकला की दिवा त्याच्यामागे सरकवायचा. भिंत कोरी राहील. बाबांचा चेहरा मी तसा बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. त्यांनी लगेच खर्च विचारला. सहादेव म्हणाला, “गुरुजी, आधी बाई कुठं निजनार त्ये सांगा. कंच्या तुळईखाली? दोरी किती लागल त्येच्यावर हाय समदं.” आणि घाईने पुढे म्हणाला की तुळईच्या खाली निजू नये, छातीवर भार येतो, त्याची आजी तशीच गेली. बाबा म्हणाले, आम्ही असले मानत नाही. (दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तर खाट दोन तुळयांच्या बरोबर मधोमध सरकवलेली होती. रात्री आत आम्हा दोघांचेच जाणे-येणे असते आणि मी ती सरकवलेली नाही.)

सहादेवालाही मी तो प्रश्न विचारला, वीज म्हणजे नक्की काय. आप्पासाहेब म्हणाले होते की ती अभ्यासाची गोष्ट आहे, चौकशीची नव्हे. सहादेव म्हणाला, “त्ये मला इचारू नका ताई. मलाबी म्हाईत न्हाई. पर पळती लई.” तिघांच्या उत्तरांत मला हेच सर्वांत प्रामाणिक वाटले. पण ज्या गोष्टीविषयी करणाऱ्यालाच माहीत नाही ती आपण एका वडीलधाऱ्या व्यक्तीच्या डोक्यावर टांगावी का, याची काळजीही त्याच उत्तराने लावली.

म्हणून मी प्रयोग करून दाखव म्हटले. त्याने वरून तात्पुरती वायर आणली, मधल्या तुळईला दिव्याचा गोळा टांगला आणि बटण दाबले. आत्याबाई, तळघर असे उजळले की झरोक्यातून रस्त्यावरचे पायसुद्धा थांबलेले दिसले. (त्या झरोक्यांची मजा आपल्याला सांगायलाच हवी. आतून फक्त पाय दिसतात. मी आता बरीच माणसे पायांवरून ओळखते. फिलिपभाऊंचे पाय ताल धरत येतात, आप्पासाहेबांचे पाय आमच्या दारावरून आता सरळ पुढे जातात. ज्या व्यक्तीला येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी आवडते तिचा दिवस तिथे फार सुखात जाईल.) तर दिवा लागला आणि भीमाचा चेहरा पडला. दिवसाच्या उजेडात आरशासारखी दिसणारी भिंत त्या गोळ्याखाली सगळीकडून लाटा-लाटांची दिसू लागली. जिथे जिथे त्याचा दगड फिरला होता तिथे तिथे तो फिरल्याचे दिसत होते. भीमाने भिंतीवरून हात फिरवून पाहिला, मग म्हणाला, “ही ईज खोटं दावतीया. गुरुजी, कंदीलच बरा.” सहादेव म्हणाला, वीज आहे तेच दाखवते. दोघांची जुंपली. एकाने आणलेला माणूस आणि आणणारा, दोघेही एकमेकांना घराबाहेर काढू लागले. राहीबाई जिन्यात बसून नवऱ्याला म्हणाली की तुमच्या लाटा मी रोजच बघते, मला कधी दिवा लागला न्हाई. त्यावर सगळे हसले आणि भांडण मिटले, म्हणजे भीमा हसला नाही, पण थापी खाली ठेवली.

या सगळ्या गडबडीत एक विचित्र गोष्ट चालली आहे, ती सांगून हे लांबलेले पुराण संपवते. पूर्वेच्या भिंतीवर, खाटेच्या समोर, माझ्या कपाळाच्या उंचीवर पेन्सिलीचा एक ठिपका आहे. तो मी पहिल्यांदा फिलिपभाऊ येऊन गेल्यावर पाहिला आणि ओल्या फडक्याने पुसला, भीमाने पाहिला असता तर अनर्थ झाला असता. दोन दिवसांनी तो परत आला. मला आप्पासाहेबांच्या माणसाचा संशय आला, पण तो तर खाली उतरलाच नव्हता. मी पुन्हा पुसला. आज सकाळी पुन्हा होता, तोही पुसला. बाबांना सांगितले तर ते एकदम खोकू लागले, प्रार्थनेची वेळ नसताना. मला चुन्यातून डाग वर येतात का ते ठाऊक नाही, पण दर वेळी अगदी त्याच जागी यावा, हे चमत्कारिक आहे. आपण दवाखान्यात चुन्याच्या भिंतींत इतकी वर्षे काढली, तेव्हा काही अनुभव असल्यास लिहावे.

तर स्थिती अशी. काम सहादेवाला द्यायचे ठरले आहे. तो मंगळवारी येईल, पण त्याला सांगायला हवे की खाट कुठे, उशी कुठे, कूस कोणती. आणि हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. ज्यांच्यासाठी हे सर्व त्यांच्याविषयी आपल्याला किती थोडे ठाऊक असते, हे मला वायरमनांनी शिकवले. वर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कृपा करून उलट टपाली, क्रमाने लिहावीत. आणि बयाणा दिला नसल्यास देऊ नये. कारण मी सांगू शकत नाही, आणि आपण ओळखले असेल तर ते मला सांगू नये, म्हणजे मी बाबांपाशी खरे राहीन.

कमी-जास्त लिहिले असल्यास भाची म्हणून पोटात घालावे. भागूबाईंना सलाम, गुडघ्यांना तेल.

आपली आज्ञांकित,
पुष्पावती

ता. क. आमच्या घरची रीत आपल्याला ठाऊक आहे. जाणारे प्रत्येक पत्र संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचले जाते आणि मगच पाकिटात जाते. हेही आताच वाचून दाखवले. बाबा सगळा वेळ डोळे मिटून बसले होते. कुठेही थांबवले नाही, बाळंतपणांशीही नाही, भागूबाईंशीही नाही. शेवटी म्हणाले, चकित करण्याची गोष्ट तू चांगली झाकलीस. आता दौत इकडे दे. खालचे अक्षर त्यांचे आहे.

ताई, सलाम.

पोरीने सगळे सांगितले आहे, फक्त तुझे नाव नाही. तेव्हा मीच सांगतो, ते तळघर तुझे आहे.

दवाखान्यात तू नवी लागलीस त्या वर्षी मी सुट्टीत तुझ्याकडे आलो होतो. तू आईचा फोटो लावायला भिंतीत खिळा ठोकलास. दुसऱ्या दिवशी तो उपटून भोक तुलाच बुजवायला लागले. तू चुना कालवताना मला म्हणालीस, प्रभुदास, माझी भिंत असेल तेव्हा पहिला खिळा मी ठोकीन, तोवर आई पेटीत बरी. तू हसत होतीस. मी तेव्हा शाळकरी होतो, मी काय देणार? आता भिंत आहे. तिला कोणी हात लावलेला नाही, वायरमनांना मी लावू दिलेला नाही. पूर्वेला, तुझा हात पोचेल अशा उंचीवर मी पेन्सिलीने जागा करून ठेवतो, आणि ही पोर ती पुसून टाकते.

येणे न येणे तुझ्यावर आहे. भागूबाईंबरोबर राहायचे असेल तर तसे लिही, मला वाईट वाटेल पण कळेल. फोटो पेटीतून काढ मात्र.

तुझा,
प्रभुदास

पुन्हा ता. क. आत्याबाई, पाकीट काल रात्री राहिले, ते आज बंद करता करता लिहिते. वरचे वाचून मी रात्रीच बाबांना विचारले की महिनाभर मला जी गोष्ट लपवायला लावली ती स्वतः दहा ओळींत कशी सांगून टाकली? ते म्हणाले, मी झाकायला तुला सांगितले होते, मला नाही. मी ठिपका पुन्हा काढून ठेवला आहे; अंदाजाने, तेव्हा थोडा चुकला असेल.

भीमाला आज सकाळीच सगळे सांगितले, न सांगून भागणार नव्हते. तो म्हणाला की बाईंनी कोरडी भिंत ठोकू नये, टवका उडेल. तो स्वतः तेवढी जागा आदल्या दिवशी ओली करून ठेवील आणि ठोकताना शेजारी उभा राहील. थापी घेऊन उभा राहणार का, असे राहीबाईने विचारले. तो म्हणाला, रिकाम्या हातानं.

सहादेव म्हणतो, फोटो असेल तर दिवा त्याच्यावर पडला पाहिजे, म्हणजे दोरी पुन्हा बदलली. सरळ विचारते, कारण आता लपवण्यासारखे काही उरले नाही: आपण येणार ना? यायचे नसेल तर खोल्या घ्याव्यात, आम्ही मन घट्ट करू. पण एकदा येऊन खिळा ठोकून मग जावे. हातोडी आहे. खिळा आम्ही घेतलेला नाही, तो आपल्या पसंतीचा आणावा.

आणि कुशीचे मात्र नक्की लिहावे. आजीकडे तोंड करून झोपायचे असेल तर उशी पश्चिमेला येते, आणि खाट आज रात्रीच फिरवायला हवी.